मिठागरावरची पाच झाडं

आमच्या ह्यांनी अख्खं आयुष्य देवदाराच्या लाकडात काढलं, पण देवदाराचं उभं झाड काही बघितलं नाही. पूर्वी मी हे चिडवायला म्हणायचे. आता नुसतं लिहून ठेवतेय.

काम खोक्यांच्या कारखान्यात होतं. मोठी यंत्रं बाहेरगावी, बाहेरदेशी पाठवायची तर ती लाकडी खोक्यात बसवून पाठवतात. ती खोकी हे बनवायचे. लाकूड उत्तरेतल्या डोंगरातून ट्रक भरून यायचं. त्यात चीड, म्हणजे पाइन, जास्त आणि देवदार थोडा, पण कारखान्यात सगळ्यालाच देवदार म्हणायचे. ह्यांच्या शर्टाला राळेचा वास असायचा. कितीही घासा, उन्हात वाळवा, इस्त्री फिरवली की परत वर यायचा. लग्नानंतर पहिलं वर्षभर त्या वासाने माझं डोकं दुखायचं, मग मला तो येईनासाच झाला.

लाकूड घेऊन येणारा एक पहाडी ट्रकवाला होता. त्याने ह्यांना फळीच्या टोकावरच्या गोल रेघा वाचायला शिकवल्या. हे मग घरी एखादा तुकडा आणून मलाही दाखवायचे. रेघा दाट असल्या तर झाड खडकाळ उतारावरचं, त्याला माती कमी, पाणी कमी, ते वर्षाला नखाएवढं जाड झालेलं. रेघा लांब लांब असल्या तर झाड ओढ्याकाठचं, मऊ मातीतलं, भराभर वाढलेलं. एकाच डोंगरावरची, एकाच वयाची दोन झाडं, पण एक मांडीएवढं आणि एक दोघांच्या मिठीत न मावणारं. ह्यांना याचं भारी कौतुक. मी तांदूळ निवडत असायचे आणि हे सांगत असायचे की जागा महत्त्वाची, झाड काय, झाड बिचारं आहे तिथं उभं राहतं. मी हूं हूं करायचे. कधी ऐकायचे, कधी नाही.

मग पुठ्ठ्याची खोकी आली, थर्माकोल आलं, आणि कारखाना बंद पडला. तेव्हा आम्ही भाईंदरला जेसल पार्कात राहायला येऊन तीन-चार वर्षं झाली होती. दोन हजार सालानंतरची गोष्ट. तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. मुलगी सासरी गेलेली. हे घरी बसले ते बसलेच. मला वाटलं होतं आता कुठे मंदिरात जातील, बागेत जातील, चार म्हाताऱ्यांत बसतील. पण सकाळी उठून कुठे जायचं नाही म्हटल्यावर माणूस उठतच नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं. नऊ वाजले, दहा वाजले तरी अंथरुणात, तोंड भिंतीकडे. चहा गार व्हायचा. मी आधी ओरडायचे, मग समजावायचे, मग तेही सोडलं. ओरडायलाही अंगात जोर लागतो हो.

एक दिवस दूध आणायला खाली गेले तेव्हा हे माझ्या मागून आले. म्हणाले, भिंतीच्या कडेला ही जागा नुसतीच पडलीय. होती खरी. फाटकापासून मागच्या खाडीकडच्या भिंतीपर्यंत एक पट्टी, तीसेक पावलं लांब आणि तीन पावलं रुंद. त्यात बांधकामाचे तुकडे, फुटक्या लाद्या आणि गवत. ह्यांना तिथे झाडं लावायची होती. कुठली, ते मला विचारावं लागलं नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरीभाईंचा डोळा त्याच जागेवर होता, कारण बिल्डिंगमध्ये स्कूटर वाढत चालल्या होत्या. पण भाई मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, "दो बारिश देख लेते हैं, काका. जम गया तो बगीचा, नहीं तो लादी बिछा देंगे."

दुसऱ्या दिवशी हे सहा वाजता उठले. मला काय हवं होतं, तर एवढंच. झाडं जगोत न जगोत असं मी म्हणू शकत नव्हते, कारण झाडं गेली तर पट्टी जाणार, आणि पट्टी गेली की हे परत भिंतीकडे तोंड करणार. म्हणजे झाडं जगायलाच हवी होती.

हायवेवरच्या नर्सरीत ह्यांनी देवदार मागितला. नर्सरीवाला हसला. म्हणाला, इकडच्या उकाड्यात देवदाराची भाजी होईल, काका. मग त्याने ती नाताळातली झाडं दाखवली, मधे सरळ दांडा आणि चहूबाजूंनी मजले मजले फांद्यांचे. हे पण पाइनच, म्हणाला. ह्यांनी एक बारीक काडी मोडून नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मग पाच घेतली. रिक्षात दोन माझ्या मांडीवर, दोन ह्यांच्या आणि एक पायाशी. कासारवाड्यातून नव्या बांगड्या भरून आल्यासारखे माझे हात ओरबाडले होते.

खड्डे खणायला ह्यांना चार दिवस लागले. वर सगळा भराव, विटा, सिमेंटचे गोळे, प्लास्टिक. त्याच्या खाली काळा चिकट चिखल, वास मारणारा. बायकांनी नाकाला पदर लावून जाता-येता विचारलं, काय काका, गटार खणताय काय. ह्यांनी लाल मातीच्या गोणी आणून ओतल्या. आणि आता मी काय केलं ते सांगते.

मी रत्नागिरीकडची. आमच्याकडे माड लावताना खड्ड्यात मीठ घालतात, राख घालतात. माझे वडील घालायचे, आजोबा घालायचे. मिठाशिवाय माड धरत नाही, हे मी चालायला लागल्यापासून ऐकलेलं. हे चहा प्यायला वर गेले तेव्हा मी स्वयंपाकघरातली जाड्या मिठाची बरणी पदराखाली घेऊन खाली आले, आणि एकेका खड्ड्यात दोन-दोन ओंजळी घातल्या. वरून माती सारखी केली. चौथ्या खड्ड्याला बरणी संपली. पाचवा फाटकाजवळचा, त्याला नुसते हात झटकले. ह्यांना सांगितलं नाही. ह्यांचं लाकडाचं ज्ञान, माझं माडाचं. प्रत्येक गोष्ट नवऱ्याला सांगायची कशाला?

पहिला पावसाळा झकास गेला. प्रत्येक झाडाला वर नवा हिरवा तुरा आला. हे सकाळ-संध्याकाळ खाली. येणाराजाणारा थांबायचा, बोलायचा. ह्यांचा आवाज मला तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचा, रेघांचं सांगत असायचे. मी म्हटलं, चला, सुटले.

दिवाळीनंतर पहिलं झाड टोकाकडून पिवळं पडायला लागलं. मग दुसरं, तिसरं. पिवळं, मग विटकरी. हे घाबरले. पाणी कमी पडतंय म्हणून संडासात वापरायला वेगळ्या टाकीत साठवलेलं बोअरचं पाणी पाइप लावून घालायला लागले. रोज, भरपूर. नळाचं पाणी दिवसाआड यायचं, ते झाडांना कोण देणार? आणि मी काय केलं, तर फाल्गुनात चार झाडांना परत एकेक ओंजळ मीठ घातलं. मला वाटलं, पहिलं कमी पडलं. पाचव्याला नाही घातलं, कारण ते फाटकाजवळचं हिरवंगार होतं, त्याला कशाला औषध.

एप्रिलात पहिलं झाड मेलं. दुसऱ्या दिवशी हे सात वाजता उठले, त्याच्या पुढच्या दिवशी साडेसातला. मी घड्याळ बघत असायचे.

दुसरा पावसाळा आला आणि थोडी तरतरी आली. आला तसा गेला. नवरात्रात बघते तर मातीवर पांढरी साय. झाडांच्या बुडाशी कसली तरी जाड पानांची, लालसर देठांची भाजी माजलेली. ती मात्र कुणी न लावता अशी पसरली होती की बघत राहावं.

आमच्याकडे भाईंदरच्याच मोरवा गावची एक म्हावरेवाली यायची, मासे विकायला. माझ्याच वयाची. पाटी उतरवायला फाटकापाशी कठडा होता, तिथे बसायची, बिल्डिंगच्या बायका खाली जायच्या. त्या दिवशी मी बोंबील घेत होते आणि हे पाइप धरून उभे होते. तिने ह्यांच्याकडे बघितलं, पाइपाकडे बघितलं, आणि उठून झाडांपाशी गेली. ती लाल देठांची भाजी खुडून दातांनी तोडली. मग मातीवरची पांढरी साय बोटाने उचलून जिभेवर ठेवली. माझ्या अंगावर काटा आला, ती संडासाच्या टाकीच्या पाण्याची माती.

"काका, तुमी झाडं न्हाय लावलीत," ती म्हणाली. "मिठागर चालवताव तुमी."

मग तिने सांगितलं. सगळा हा भाग मिठागर होता. तिच्या सासऱ्याने, नवऱ्याने, तिने स्वतः इथे काम केलेलं. वरचा भराव बिल्डरचा, खाली चिखल आमचा, म्हणाली. बोअरचं पाणी मचूळ. ते उन्हात घातलं की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. रोज घाला, रोज थोडं राहील. "त्याच्यावर तर आमची पोटं भरली," ती म्हणाली. आणि ही भाजी म्हणजे मोरस. जिथं दुसरं काही येत न्हाय तिथं ही येते. ही दिसली की समजायचं, जमीन कुणाची हाय.

ह्यांनी पाइप खाली टाकला. नळ बंद करायला मला जावं लागलं.

हे म्हणाले, मग ते पाचवं कसं हिरवं आहे? पाणी तर सगळ्यांना सारखं.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. रस्त्यापलीकडच्या जुन्या पिंपळाकडे बघितलं, मग वळून खाडीकडच्या भिंतीच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे. हाताने हवेत एक रेघ ओढली. म्हणाली, इथून मिठागराचा बांध जायचा. पिंपळ बांधावरच होता, चिखलात पिंपळ कुठला उभा राहायला. बांधाची माती उंच, किती वर्षं पावसाने धुतलेली, गोडी झालेली. तुमचं ते झाड बांधावर बसलंय. बाकीची चार कुंडीत. मीठ पिकवायची ती कुंडी.

ह्यांचा चेहरा मला अजून आठवतो. दुःख होतंच, पण दाट रेघांची फळी हातात आल्यावर व्हायचा तसाही झाला होता. इतकी वर्षं दुसऱ्याच्या डोंगराचं वाचलं, आणि पायाखालचं वाचता आलं नाही, असं काहीसं पुटपुटले आणि वर गेले.

मी बोंबलाची पिशवी घेऊन तिथेच. तिने विचारलं, काय झालं गं बाय. आणि मी तिला सांगून टाकलं. पहिल्या ओंजळी, नंतरच्या ओंजळी, बरणी, सगळं. कुणाला तरी सांगायचंच होतं, नवऱ्यापेक्षा म्हावरेवाली बरी.

ती हसली. इतकी हसली की पाटीवरचा फडका सरकला आणि मांजर पुढे आलं.

"अगो, खाडीत मूठभर मीठ टाकल्याशी खाडी खारट होते काय? बरणी फुकट घालवलीस, येवढंच."

मला बरं वाटलं. आणि जिना चढता चढता बरं वाटणं संपलं, कारण दुसऱ्या मजल्यावर माझ्या लक्षात आलं की पाचव्या झाडाला बांधही मिळाला होता आणि माझं मीठही मिळालं नव्हतं. दोन्ही एकदम. आता कुठल्याने ते जगलं हे कोण सांगणार?

त्यानंतर आम्ही तिच्या सांगण्यावरून चाललो. बोअरचं पाणी बंद. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं गोडं पाणी मी एका बादलीत साठवायचे आणि संध्याकाळी खाली न्यायचे. तीन मजले. उतरताना गुडघे बोलायचे, चढताना श्वास. शेजारणी पण त्यांचं तांदळाचं पाणी दाराबाहेर ठेवायला लागल्या, कौतुकाने हो, पण ते उचलायचं मलाच. उन्हाळ्यात तर एकेक दिवस असा यायचा की पायरीवर बसून वाटायचं, मरू देत झाडं. मग वरून ह्यांची हाक यायची, आलीस का गं, दुसरं किती पिवळं आहे? आणि मी उठायचे. पावसाच्या आधी ह्यांनी झाडांच्या बुडाशी मातीचे उंचवटे केले, आणि भिंतीच्या कडेने एक चर काढला. पावसाने मातीतलं मीठ धुऊन त्या चरातून बाहेर जावं म्हणून. मोरव्याकडे खारी जमीन भाताला आणतात ती अशीच, पण त्याला तीन-चार पावसाळे लागतात, म्हावरेवाली म्हणाली. आमच्याकडे पावसाळे उरले नव्हते. दोन ठरले होते, ते केव्हाच झाले, तिसरा सेक्रेटरीभाईंनी आपणहून दिला होता. चराचं गढूळ पाणी फाटकाशी यायचं, लोकांच्या चपला भरायच्या. तक्रारी झाल्या. भाईंनी ऐकून घेतल्या. किती ऐकणार?

श्रावणात दुसरं आणि तिसरं झाड गेलं. चौथ्याचा फक्त दांडा उभा. वार्षिक सभा आठ दिवसांवर आली होती.

सभेच्या आदल्या संध्याकाळी हे चहाचा कप हातात घेऊन बसले होते. मला राहवलं नाही. मी भाजी चिरता चिरता, त्यांच्याकडे न बघता सांगितलं. मी मीठ घातलं होतं. चारांना. दोनदा.

हे म्हणाले, "मला माहीत आहे."

मी सुरी खाली ठेवली.

"घरातली मिठाची बरणी संपली की तू दोन दिवस माझ्या नावाने शंख करतेस. तेव्हा गप्प होतीस. खाली गेलो तर खड्ड्याच्या कडेला खडे पडलेले."

मग तेव्हाच का नाही बोललात, मी विचारलं. माझा आवाज जरा चढला असेल.

"मी काय बोलणार? माझ्याही बापाने माडाला मीठच घातलं. मला वाटलं, बरं झालं, हिला आठवलं. मी विसरलो होतो."

आम्ही हसलो नाही. आता हसायला येतं. तेव्हा दोघंही फार थकलो होतो. इतके महिने मी एकटीच पोटात घेऊन फिरत होते ते आम्ही दोघं घेऊन फिरत होतो, एका घरात, एका ताटलीतून चकली खात.

सभेत ह्यांनी भाषण वगैरे केलं नाही. उभे राहिले आणि म्हणाले की पट्टी घ्या. पण फाटकाजवळचं झाड चांगल्या जागेवर आहे, ते जगेल, ते तेवढं राहू द्या. एक-दोघांनी कुरकुर केली की एका झाडापायी दोन स्कूटर बाहेर राहतील. सेक्रेटरीभाई म्हणाले, एक स्कूटर माझीच बाहेर राहू दे. पुढे खरंच ती बाहेर राहिली, तिची सीट पिंपळावरच्या कावळ्यांनी घाण केली तरी.

लादीवाले आले तेव्हा त्यांनी पट्टी हातभर खोदली. पहिली चार झाडं होती तिथे काळा चिखल लागला, वास सुटला. फाटकाकडे येता येता कुदळ खणकन वाजली. दगड. एकाला लागून एक, ओळीने लावलेले, वर कडक पिवळट माती, खाडीकडे तोंड करून. मी गॅलरीत होते. ह्यांना हाक मारली तर हे आधीच जिन्यात. खाली जाऊन उकिडवे बसले आणि त्या मातीचा खडा उचलून जिभेवर ठेवला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हात हलवला, खारट नाही, असा. कामगार बघत राहिले. त्यांना वाटलं असेल, म्हातारा माती खातो.

लादीवाल्यांकडून ह्यांनी झाडाभोवती दोन हात जागा मोकळी सोडून घेतली. तेवढंच आता ह्यांचं.

सकाळी सहाला उठणं परत आलं नाही. सात, साडेसात. पण तोंड भिंतीकडे नाही, उठून आधी गॅलरीत जातात. झाड अजून खालीच आहे, माझ्या डोक्याएवढं, वरून नुसता त्याचा शेंडा दिसतो, चांदणीसारखा. वर्षाला एखादा मजला फांद्यांचा वाढवतं, कधी तोही नाही. नर्सरीवाल्याने पाच वर्षांत दुसऱ्या मजल्याला लागेल म्हणून सांगितलं होतं. हे म्हणतात, बांधाची माती गोडी असली तरी कडक, मुळं दगडातून वाट काढतायत, रेघा दाट पडत असणार. दाट रेघांचं लाकूड खिळा धरतं. मी म्हणते, खिळा कोण मारायला बसलंय त्याला.

दोन वर्षं झाली, ह्यांना दम लागतो, जिना उतरवत नाही. लाकडाचा भुसा इतकी वर्षं छातीत गेला, डॉक्टर म्हणाले. त्यामुळे तांदळाचं पाणी घेऊन मीच जाते. मोरव्याची बाय हल्ली येत नाही, तिची सून येते, तिला मिठागरातलं काही माहीत नाही. मी खाली जाते, पाणी घालते, बुडाशी मोरस उगवलीय का बघते. नाही उगवलेली. मग वरून हाक येते, नवा मजला दिसतोय का गं?

कालही आली. मी नीट बघितलं. शेंड्याशी पाच बारीक कोंब आले होते, तांदळाच्या दाण्याएवढे. पाच बोटं वर करून दाखवली. मग रिकामी बादली उपडी घातली आणि जिना चढण्याआधी तिच्यावर जरा टेकले.